ए-लेव्हल: इंग्लंडच्या शाळेतील साहित्याची शेवटची दोन वर्षे

विषयाची व्याप्ती

इंग्लंडमध्ये वयाच्या सोळाव्या वर्षी जीसीएसई परीक्षा झाली की शालेय शिक्षणाचा शेवटचा टप्पा सुरू होतो. बारावे आणि तेरावे वर्ष मिळून होणाऱ्या या टप्प्याला सिक्स्थ फॉर्म म्हणतात आणि त्याच्या अखेरीस ए-लेव्हल परीक्षा असते. या काळात विद्यार्थी बहुधा तीनच विषय घेतो. त्यामुळे प्रत्येक विषयाला मुबलक वेळ मिळतो. दोन वर्षांत एका विषयासाठी सुमारे ३६० तासांचे अध्यापन गृहीत धरलेले असते. या पातळीवर इंग्रजीचे तीन वेगळे विषय आहेत: इंग्रजी भाषा, इंग्रजी साहित्य आणि दोहोंचा संयुक्त अभ्यास. भाषेच्या विषयात बोली, भाषेत काळानुसार होणारे बदल, लहान मुले भाषा कशी शिकतात असे घटक येतात. साहित्याच्या विषयात नाटके, कादंबऱ्या आणि कवितासंग्रह पूर्ण वाचायचे असतात. वेच्यांचे पाठ्यपुस्तक येथे नाही, आणि या एका गोष्टीतून विषयाची पुढची सगळी रचना निघते.

आधीची पायरी

जीसीएसईला इंग्रजी साहित्य हा विषय बहुसंख्य विद्यार्थी घेतात. २०१५ पासून शिकवल्या जाणाऱ्या रचनेत शेक्सपिअरचे एक नाटक, एकोणिसाव्या शतकातील एक कादंबरी, १७८९ नंतरच्या कवितांची निवड आणि ब्रिटिश बेटांतील १९१४ नंतरची एक कादंबरी किंवा नाटक आवश्यक ठरले. शेवटच्या अटीमुळे जॉन स्टाइनबेक या अमेरिकन लेखकाची, तोवर असंख्य वर्गांत शिकवली जाणारी ‘ऑफ माइस अँड मेन’ ही कादंबरी अभ्यासक्रमाबाहेर गेली. परीक्षेत पुस्तक जवळ ठेवता येत नाही, म्हणून अवतरणे पाठ करण्यावर भर पडतो. मुद्दा, पुरावा, स्पष्टीकरण अशा ठरलेल्या क्रमाने परिच्छेद लिहिण्याची सवयही याच वयात लागते. हा साचा दुबळ्या विद्यार्थ्याला आधार देतो, पण बारावे वर्ष सुरू होताच तो सोडावा लागतो. कारण पुढच्या पातळीवर मुद्दा आधी ठरवून पुरावा शोधणे पुरत नाही, पुराव्याने मुद्दा बदलू देणे अपेक्षित असते.

उगम: मुंबई आधी, ऑक्सफर्ड नंतर

इंग्रजी साहित्य हा इंग्लंडमधील फार जुना अभ्यासविषय नाही. तेथील जुन्या शाळा आणि विद्यापीठांत साहित्य म्हणजे ग्रीक आणि लॅटिन. लंडनच्या नव्या विद्यापीठात, म्हणजे आजच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात, १८२८ मध्ये इंग्रजीचे पहिले प्राध्यापकपद निर्माण झाले. ऑक्सफर्डमध्ये इंग्रजीची स्वतंत्र पदवी १८९४ मध्ये आली आणि केंब्रिजमध्ये १९१७ मध्ये. या दरम्यान वसाहतीत चित्र वेगळे होते. १८३५ च्या मेकॉलेच्या टिपणानंतर सरकारी पाठबळ इंग्रजी शिक्षणाकडे वळले आणि १८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीसाठी इंग्रजी ग्रंथ अभ्यासणे क्रमप्राप्त झाले. गौरी विश्वनाथन यांनी ‘मास्क्स ऑफ काँक्वेस्ट’ या १९८९ च्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, इंग्रजी साहित्य हा संघटित शालेय विषय म्हणून इंग्लंडच्या आधी हिंदुस्थानात घडला आणि त्यामागे राज्यकर्त्यांचा नैतिक प्रभाव टिकवण्याचा हेतू होता. हा निष्कर्ष सर्वांना सर्वस्वी मान्य नसला तरी त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते: कोणते ग्रंथ वाचायचे हा प्रश्न या विषयाच्या जन्मापासूनच सत्तेशी जोडलेला आहे. आजच्या ए-लेव्हलच्या वर्गात वसाहतवादाच्या अंगाने केलेले वाचन शिकवले जाते, तेव्हा तो विषय एका अर्थाने स्वतःच्याच इतिहासाकडे पाहत असतो.

परीक्षेची जडणघडण

ए-लेव्हल परीक्षा १९५१ मध्ये सुरू झाली. तिने १९१७-१८ च्या सुमारास आलेल्या हायर स्कूल सर्टिफिकेटची जागा घेतली. जवळपास पन्नास वर्षे दोन वर्षांच्या शेवटी एकच मोठी परीक्षा ही पद्धत राहिली. २००० मध्ये अभ्यासक्रमाचे तुकडे झाले: पहिल्या वर्षाचे गुण अंतिम निकालात धरले जाऊ लागले आणि एकेका भागाची परीक्षा पुन्हा देण्याची सोय झाली. २०१५ पासून इंग्लंड ही वाट सोडून परत एकाच अंतिम परीक्षेकडे गेले. वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये मात्र पहिल्या वर्षाचे गुण आजही मोजले जातात. साहित्याच्या दृष्टीने हा बदल महत्त्वाचा आहे. तुकड्यांच्या पद्धतीत एक ग्रंथ जूनमध्ये संपला की संपला. अंतिम परीक्षेच्या पद्धतीत बाराव्या वर्षी वाचलेले नाटक तेराव्या वर्षीच्या वाचनानंतर पुन्हा उघडावे लागते, आणि दुसऱ्यांदा वाचताना ते वेगळे दिसते. साहित्याला दुसरे वाचन लागते, म्हणून या विषयापुरता तरी जुना मार्गच अधिक योग्य म्हणावा लागेल. त्याची किंमत अर्थातच विद्यार्थी मोजतो: दोन वर्षांचे बहुतांश ओझे काही आठवड्यांवर येऊन पडते.

ग्रंथांची निवड

अभ्यासक्रमाची किमान चौकट सरकारने ठरवलेली आहे. पूर्ण ए-लेव्हलसाठी कमीत कमी आठ ग्रंथ वाचावे लागतात. त्यांपैकी किमान तीन १९०० पूर्वीचे हवेत, त्यात शेक्सपिअरचे एक नाटक अनिवार्य, आणि किमान एक ग्रंथ २००० नंतर प्रकाशित किंवा सादर झालेला असावा. गद्य, पद्य आणि नाटक हे तिन्ही प्रकार आले पाहिजेत. या चौकटीत राहून एक्यूए, ओसीआर, पिअर्सन एडेक्सेल, एड्युकास अशी परीक्षा मंडळे आपापला अभ्यासक्रम तयार करतात आणि शाळा त्यांपैकी एक निवडते. ऑफक्वाल ही नियामक संस्था या सर्वांवर लक्ष ठेवते.

मंडळांमधील खरा फरक ग्रंथांच्या यादीपेक्षा त्यांच्या मांडणीत आहे. एक्यूएच्या ‘अ’ अभ्यासक्रमात प्रेम हा विषय घेऊन तो अनेक शतकांतून पाहिला जातो. शेक्सपिअरचे नाटक, कवितांची निवड आणि ‘वदरिंग हाइट्स’ किंवा ‘द ग्रेट गॅट्सबी’ यांसारखी कादंबरी एका सूत्रात येते. त्याच मंडळाच्या ‘ब’ अभ्यासक्रमात सूत्र साहित्यप्रकाराचे आहे: शोकांतिका, सुखात्मिका, गुन्हेकथा, राजकीय आणि सामाजिक निषेधाचे लेखन. ओसीआरच्या एका प्रश्नपत्रिकेत गॉथिक, दुःस्वप्नवत भविष्याच्या कथा, स्त्री आणि साहित्य, स्थलांतरितांचे अनुभव असे पर्याय असतात. मांडणी बदलली की त्याच पुस्तकाचा अर्थही सरकतो. मार्गारेट ॲटवुडची ‘द हँडमेड्स टेल’ जॉर्ज ऑर्वेलच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’शेजारी ठेवली तर राज्यसत्ता समोर येते, स्त्रियांच्या लेखनाच्या रांगेत ठेवली तर शरीर आणि मातृत्व समोर येते. ग्रंथांची निवड म्हणजे प्रश्नांचीही निवड, ती अशी.

पाच उद्दिष्टे

सर्व मंडळांचे मूल्यमापन पाच समान उद्दिष्टांवर आधारलेले आहे. पहिले: विद्यार्थ्याचा स्वतःचा, माहितीवर आधारलेला प्रतिसाद, योग्य परिभाषेत आणि सुसंगत लेखनात. दुसरे: साहित्यकृतीत अर्थ कसा घडवला जातो याचे विश्लेषण. तिसरे: कृती कोणत्या परिस्थितीत लिहिली गेली आणि पुढे कशी स्वीकारली गेली, त्या संदर्भांचे महत्त्व. चौथे: कृतींमधील परस्परसंबंध. पाचवे: एकाच कृतीचे भिन्न अन्वय.

यादी म्हणून वाचली की ही उद्दिष्टे पाच वेगळे कप्पे वाटतात आणि अनेक वर्गांत ती तशीच शिकवलीही जातात: एक परिच्छेद संदर्भाचा, एक परिच्छेद समीक्षकांचा. असे निबंध नीटनेटके दिसतात आणि निर्जीव असतात. प्रत्यक्षात चांगल्या वाचनात ही पाचही अंगे एकमेकांतून निघतात. एखादा शब्द खटकतो, त्याचे कारण शोधताना काळाकडे जावे लागते, तेथून दुसरी कृती आठवते, आणि कोणी त्याच जागेचा वेगळा अर्थ लावला असेल तर आपला अर्थ तपासावा लागतो. हे कसे घडते ते एका उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल.

एक रुमाल

‘ऑथेल्लो’ हे नाटक ए-लेव्हलला फार वर्षांपासून शिकवले जाते. त्यात एका रुमालाभोवती सारी शोकांतिका फिरते. व्हेनिसच्या सैन्यातील मूर, म्हणजे कृष्णवर्णीय, सेनापती ऑथेल्लोने तो पत्नी डेस्डेमोनाला दिलेला असतो. तिच्या हातून तो पडतो, एमिलिया तो उचलते, पती इयागोला देते, डेस्डेमोनावर व्यभिचाराचा संशय यावा म्हणून इयागो तो ऑथेल्लोच्या सहकाऱ्याच्या, कॅसिओच्या घरी टाकतो आणि कॅसिओ तो प्रेयसी बियांकाकडे सोपवतो. हा प्रवास एवढाच विद्यार्थ्याने सांगितला तर ते कथानक झाले, विश्लेषण नव्हे.

विश्लेषण सुरू होते ते एका विसंगतीपासून. तिसऱ्या अंकात ऑथेल्लो पत्नीला सांगतो की हा रुमाल एका इजिप्शियन स्त्रीने त्याच्या आईला दिला आणि त्यात जादू आहे. पाचव्या अंकात तो सांगतो की तो वडिलांनी आईला दिला होता. दोन्ही कथा खऱ्या असू शकत नाहीत. पहिली कथा पत्नीला धाकात ठेवण्यासाठी त्या क्षणी रचली गेली का? की दुसऱ्या वेळी, व्हेनिसच्या अधिकाऱ्यांसमोर, तो आपल्या परक्या भूतकाळातील जादू झाकतो आहे? संहिता निर्णय देत नाही. म्हणून विद्यार्थ्याला एक अर्थ स्वीकारताना दुसरा का दुबळा आहे, हे दाखवावे लागते.

भाषेचा पुरावा येथे कामी येतो. सुरुवातीचा ऑथेल्लो संथ, लांब वाक्यांच्या निर्यमक पद्यात बोलतो. चौथ्या अंकाच्या आरंभी, इयागोने कान भरल्यानंतर, तो मूर्च्छित होण्यापूर्वी तुटक गद्यात बोलू लागतो आणि त्या तुकड्यांत रुमालाचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. पद्य मोडते तेव्हा माणूसही मोडतो, हे रूपातून कळते. कोणत्याही पात्राला ते बोलून दाखवावे लागत नाही. इयागोच्या बोलण्यातील पशूंच्या प्रतिमा हळूहळू ऑथेल्लोच्या तोंडी येऊ लागतात, हेही याच प्रकारचे निरीक्षण आहे. दुसऱ्या उद्दिष्टाचा गाभा हा असा आहे, आणि अलंकारांची नावे ओळखण्याशी त्याचा संबंध थोडाच.

यानंतर मूळ स्रोत पाहिला तर आणखी एक दार उघडते. शेक्सपिअरने कथा जिराल्दी चिंथिओ या इटालियन लेखकाच्या १५६५ च्या कथासंग्रहातून घेतली. तेथे रुमाल खलनायक स्वतः चोरतो, आपल्या लहान मुलीला डेस्डेमोनाने कडेवर घेतलेले असताना. शेक्सपिअरने ही चोरी काढून टाकली आणि रुमाल एमिलियाच्या हाती दिला. या एका बदलाने एमिलिया कटाचे अजाण साधन बनते, मालकिणीशी खोटे बोलते आणि शेवटच्या अंकात सत्य उघड करण्याचे धैर्यही तिलाच दाखवावे लागते. स्त्रीवादी अंगाने नाटक वाचणाऱ्यांना एमिलिया इतकी महत्त्वाची का वाटते, याचे उत्तर या फेरफारात आहे.

समीक्षकांच्या मतभेदांचा इतिहासही तितकाच बोलका आहे. १६९३ मध्ये टॉमस रायमरने एवढ्या क्षुद्र वस्तूवर शोकांतिका उभारल्याबद्दल नाटकाची टर उडवली. १९०४ मध्ये ए. सी. ब्रॅडलीने ऑथेल्लोला उदात्त आणि इयागोला जवळजवळ सर्वशक्तिमान मानले. १९३७ मध्ये एफ. आर. लीविसने ब्रॅडलीला विरोध करत म्हटले की, दोष इयागोच्या बुद्धीपेक्षा ऑथेल्लोच्या आत्मप्रौढीत आहे. नंतरच्या समीक्षेने वर्ण आणि वसाहत यांचे प्रश्न पुढे आणले. रंगभूमीनेही अर्थ बदलले: १८३३ मध्ये लंडनमध्ये आयरा ऑल्ड्रिज, १९३० मध्ये पॉल रोब्सन या कृष्णवर्णीय नटांनी ही भूमिका केली, तर १९६४ मध्ये लॉरेन्स ऑलिव्हिए यांनी चेहरा काळा रंगवून केली. आज तसा प्रयोग वर्गात दाखवला तर चर्चा नाटकापेक्षा प्रयोगावरच अधिक होईल, आणि तीही अभ्यासक्रमाच्या कक्षेतच मोडते. स्वीकाराचा हा धागा इंग्लंडपुरता मर्यादित नाही. मराठीत महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ मध्ये या नाटकाचा अनुवाद केला आणि १८९० मध्ये गोविंद बल्लाळ देवलांचे ‘झुंझारराव’ आले. ज्या समाजात व्हेनिसमधला मूर हा संदर्भच नाही, तेथे हे नाटक रंगभूमीवर उभे राहते तेव्हा मत्सराची कथा टिकते आणि वर्णाचा प्रश्न रूप बदलतो. तुलनात्मक निबंधासाठी याहून चांगला विषय क्वचित मिळेल.

अपठित कविता

प्रश्नपत्रिकेत पूर्वी न वाचलेली कविता किंवा उतारा देण्याची प्रथा केंब्रिजमधून आली. आय. ए. रिचर्ड्स यांनी १९२० च्या दशकात विद्यार्थ्यांना कवीचे नाव काढून टाकलेल्या कविता दिल्या आणि त्यांची मते लिहून घेतली. १९२९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ या ग्रंथात त्यांनी ती उत्तरे तपासली. सुशिक्षित वाचकही साचेबंद प्रतिक्रिया, वैयक्तिक आठवणी आणि भावविवशता यांमुळे कवितेचा साधा अर्थ चुकवतात, असे त्यांना आढळले. ए-लेव्हलचा अपठित प्रश्न याच प्रयोगाचा वंशज आहे. एक्यूएच्या पहिल्या प्रश्नपत्रिकेत प्रेमावरच्या दोन अपठित कवितांची तुलना करावी लागते. येथे पाठांतराचा, शिकवणीच्या टिपणांचा किंवा तयार निबंधाचा काही उपयोग होत नाही. कोण बोलते आहे, कोणाशी, कोणत्या क्षणी. ओळ कोठे तुटते. सूर कोणत्या कडव्यात बदलतो. या प्रश्नांनीच वाट काढावी लागते. या विषयातील सर्वांत प्रामाणिक परीक्षा कोणती असे विचारले तर उत्तर हेच द्यावे लागेल. तिची उणीव मात्र खरी आहे: काळ आणि कवी वगळून वाचलेली कविता अर्धीच हाती लागते, म्हणून अपठित वाचन हे अभ्यासाच्या इतर अंगांची जागा घेऊ शकत नाही.

स्वतंत्र निबंध

एकूण गुणांपैकी २० टक्के परीक्षेबाहेर लिहिलेल्या कामासाठी असतात. एक्यूएच्या ‘अ’ अभ्यासक्रमात दोन ग्रंथांची तुलना करणारा सुमारे २,५०० शब्दांचा एक निबंध, एडेक्सेलमध्ये २,५०० ते ३,००० शब्दांचा निबंध, तर ओसीआरमध्ये दोन वेगळी छोटी लेखने असतात. त्यातील एकात मूळ कृतीच्या शैलीत सर्जनशील लेखन करून त्यावर भाष्य लिहिण्याचाही पर्याय आहे. ग्रंथ आणि प्रश्न ठरवण्यात विद्यार्थ्याला येथे सर्वाधिक मोकळीक मिळते. शिक्षक दिशा देऊ शकतो, मसुदा दुरुस्त करून देऊ शकत नाही. तपासणी शाळेत होते आणि मंडळ नमुने मागवून गुण पडताळते. विद्यापीठातील अभ्यासाशी सर्वांत जवळचे नाते याच भागाचे आहे: प्रश्न घडवणे, मर्यादा आखणे, समीक्षा वाचून तिच्याशी वाद घालणे. लेखन खरोखर कोणाचे, हा संशय जुना आहे. मजकूर तयार करून देणारी संगणकीय साधने आल्यापासून तो बळावला. हा भाग काढून टाकणे सोपे आहे, पण मग स्वतः प्रश्न विचारण्याची संधी अभ्यासक्रमात उरणार नाही.

पुस्तक उघडे की बंद

काही प्रश्नपत्रिकांत ग्रंथाची कोरी प्रत जवळ ठेवता येते, काहींत नाही. एडेक्सेलमध्ये ग्रंथ जवळ असतात, ओसीआरमध्ये नसतात आणि एक्यूए ‘अ’मध्ये भागानुसार नियम बदलतो. पुस्तक जवळ असले की परीक्षक बारकाईच्या विश्लेषणाची अपेक्षा वाढवतो. नसले की लहान, नेमकी अवतरणे स्मरणात असावी लागतात. पूर्ण नाटक मनात घोळलेले असणे दोन्ही ठिकाणी आवश्यक आहे, कारण अडीच-तीन तासांत कोणी पाने उलटून नाटक समजून घेऊ शकत नाही.

गुणदान आणि त्याच्या मर्यादा

उत्तरांना स्तरांच्या वर्णनांनुसार गुण दिले जातात. ‘साधार’, ‘सुसंगत’, ‘सूक्ष्म’, ‘चिकित्सक’ अशा विशेषणांनी स्तर आखलेले असतात आणि परीक्षकाने उत्तर कोणत्या वर्णनात बसते ते ठरवायचे असते. परीक्षक प्रशिक्षित असतात, त्यांचे काम मध्येच तपासलेही जाते, तरी मतभेद उरतो. ऑफक्वालने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, विद्यार्थ्याला मिळालेली श्रेणी ही वरिष्ठ परीक्षकाने दिली असती तीच असण्याची शक्यता विषयवार मोजली होती. गणितात ती ०.९६ निघाली, तर इंग्रजी भाषा आणि साहित्याच्या संयुक्त विषयात ०.५२. इतका फरक निष्काळजीपणाने पडत नाही. दोन जाणकार वाचकांनी एका निबंधाचे मोल वेगळे ठरवणे हे या विषयाच्या स्वरूपातच आहे. तथापि एका श्रेणीच्या फरकाने विद्यापीठातील जागा हुकते, म्हणून हा प्रश्न केवळ तात्त्विक मानता येणार नाही. गुणदानातील सुसंगती वाढवण्याचा सोपा मार्ग म्हणजे उत्तरे अधिक साचेबंद करणे. तो स्वीकारला तर निकाल पक्का होईल आणि विषय हरवेल.

यादीतील आवाज

वांशिक समानतेसाठी काम करणारा रनीमीड ट्रस्ट आणि पेंग्विन ही प्रकाशनसंस्था यांच्या संयुक्त उपक्रमातून २०२१ मध्ये असे पुढे आले की, जीसीएसईच्या एक टक्क्याहून कमी विद्यार्थ्यांनी श्वेतेतर लेखकाचे पुस्तक अभ्यासले होते. ए-लेव्हलमध्ये पर्याय अधिक आहेत: सॅम सेल्वन यांची ‘द लोनली लंडनर्स’, मोहसिन हमीद यांची ‘द रिलक्टंट फंडामेंटलिस्ट’ अशा कृती अभ्यासक्रमांत आलेल्या आहेत. परंतु यादीत नाव असणे आणि वर्गात पुस्तक शिकवले जाणे यांत अंतर राहते. शाळेच्या कपाटात ज्या पुस्तकाच्या तीस प्रती आहेत आणि ज्याची टिपणे शिक्षकाकडे तयार आहेत, तेच पुस्तक निवडले जाते. बदल पैशांवर आणि शिक्षकाच्या मोकळ्या वेळेवर किती अवलंबून असतो, हे मंडळांच्या घोषणांत दिसत नाही.

पुढील उपयोग

इंग्रजीच्या पदवीसाठी बहुतेक विद्यापीठे हा विषय मागतात. कायदा, इतिहास, पत्रकारिता या शाखांकडे जाणाऱ्यांना तो उपयोगी मानला जातो. पुराव्यावर आधारलेला लांब युक्तिवाद लिहिण्याचा सराव थोड्याच विषयांत होतो. रसेल गट या संशोधनप्रधान विद्यापीठांच्या संघाने प्रवेशासाठी मोलाचे मानलेल्या विषयांची जी यादी प्रसिद्ध केली होती, तिच्यातही इंग्रजी साहित्य होते. ती यादी २०१९ मध्ये रद्द झाली.

ओसरती पसंती

दीर्घ काळ सर्वाधिक निवडल्या जाणाऱ्या विषयांत असलेले इंग्रजी साहित्य २०२२ मध्ये पहिल्या दहांतून बाहेर पडले. कारणे अनेक आहेत. सरकारने आणि पालकांनी विज्ञान-गणिताला दिलेले प्राधान्य, उच्च शिक्षणाचे कर्ज आणि त्यामुळे पगाराचा आधी विचार, मानसशास्त्रासारख्या विषयांचे आकर्षण ही बाहेरची कारणे. आतले कारण जीसीएसईकडे बोट दाखवते. सोळाव्या वर्षापर्यंत साहित्य म्हणजे अवतरणे घोकणे असा अनुभव आलेल्या मुलाला तोच विषय आणखी दोन वर्षे घ्यावासा वाटत नाही. ए-लेव्हलचा अभ्यास किती वेगळा आहे हे त्याला कळण्याची वेळ निवडीनंतर येते. दोन पायऱ्यांमधील हा सांधा सुधारल्याशिवाय केवळ नवी पुस्तके घालून संख्या वाढण्याची शक्यता कमी दिसते.

महाराष्ट्रातील अकरावी-बारावी

मुंबई आणि पुण्यातील काही आंतरराष्ट्रीय शाळांत केंब्रिजची ए-लेव्हल उपलब्ध आहे, पण तेथे शिकणाऱ्यांची संख्या अल्प आहे. राज्य मंडळाच्या बारावीत इंग्रजी हा मुख्यतः भाषेचा विषय आहे. ‘युवकभारती’ या पाठ्यपुस्तकात गद्य पाठ, कविता, लेखनकौशल्ये आणि कादंबरी या साहित्यप्रकाराची ओळख करून देणारा एक विभाग असतो, त्यात कादंबऱ्यांचे निवडक अंश येतात, कवितेचे रसग्रहणही विचारले जाते, मात्र ते पुस्तकातल्या, वर्गात शिकवलेल्या कवितेचे. सहा-सात विषयांच्या वेळापत्रकात आठ पूर्ण ग्रंथांची अपेक्षा धरणे अवास्तव ठरेल. तीन विषयांची चैन हा ए-लेव्हलचा पाया आहे आणि तो येथे नाही. अपठित कवितेचे रसग्रहण मात्र नवे पुस्तक, नवा खर्च किंवा वाढीव तास न मागता करता येण्यासारखे आहे. मराठीच्या तासालाही ते तितकेच शक्य आहे: एक छापील पान, कवीचे नाव झाकलेले, आणि चाळीस मिनिटे.